लाल काटा आणि जावयाचं वाण

जावई गाडीत बसलेला, त्याच्या मांडीवर अनारशांचं ताट, बाहेर नवतप्याचं भाजतं ऊन, आणि कन्हानच्या अलीकडे आमच्या गाडीचा एसी बंद पडला. माणसाची इज्जत जायची तर अशीच जाते.

गाडी मी चालवून राहिलो होतो. बाजूले सिंधू, म्हणजे आमची बायको. मागे अबोली, आमची एकुलती एक पोरगी, आणि तिच्या शेजारी सुमंतराव, आमचे जावई. पुण्याचे. गाड्या बनवायच्या कंपनीत इंजिनियर आहेत. पारशिवनीले सिंधूच्या बहिणीकडे, यमुताईकडे, धोंड्याचं जेवण होतं, ते आटोपून परत नागपूरले येऊन राहिलो होतो. अधिक महिन्याले आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याचे पाय धुवायचे, तेहतीस अनारसे द्यायचे, वाण द्यायचं, आणि तो जे म्हणेल त्याले मान हलवायची. एरवी मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पण रीत म्हणजे रीत.

तर पहिले एसीतून गरम हवा आली. मग पाहतो तर टेंपरेचरचा काटा, जो रोज मधात राहते, तो थेट लालमध्ये. हळूहळू चढला असता तर समजलो असतो. आत्ता मधात होता, आत्ता वर.

"बाबा, थांबवा गाडी," मागून सुमंतराव म्हणाले.

"थांबवतो ना. सावली तर येऊ द्या."

समोर कोळशाचा ट्रक रेंगाळून राहिला होता. त्याले डावीकडून काढला, पुढच्या टेम्पोले हॉर्न मारून बाजूले केलं, आणि एका बंद रसवंतीच्या तट्ट्याखाली गाडी लावली, तरी बोनेट उन्हातच राहिलं. सिंधू "हळू, हळू" करत होती. ती नेहमीच करते. मी नेहमीच ऐकत नाही.

काच खाली केली तर लू, वर केली तर भट्टी. आता जावयाले उन्हात उतरवायचं कसं? मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी पाहतो." ते म्हणाले, "नाही बाबा, तुम्ही बसा, मी पाहतो." मी म्हटलं, "छे छे, तुम्ही पाहुणे." अशानं कोणीच उतरेना. चौघं जण त्या डब्यात शिजून राहिलो होतो आणि एकमेकांले मान देऊन राहिलो होतो. अबोलीच्या डोक्यातून घाम टपकत होता. शेवटी तीच कडाडली, "अरे कोणी तरी उतरा ना! मेले मी!"

सुमंतराव उतरले. बोनेट उघडलं. त्यांच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून सिंधू छत्री घेऊन बाजूले उभी राहिली. मी माझा दुपट्टा पाण्यात भिजवला आणि उघड्या बोनेटवर पसरला. गाडीले ताप आला तर पट्टी ठेवायची, दुसरं काय करणार? सुमंतरावांनी त्या दुपट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाबा, तुम्ही आत बसा आणि काटा बघत राहा." बसलो. जावयानं सांगितलं म्हणजे बसलो.

बोनेटच्या पलीकडे दोघं बराच वेळ काही बोलत होते. मले वाटलं, सिंधू त्यांले यमुताईच्या पुरणाबद्दल विचारून राहिली असेल. मग सुमंतराव खिडकीशी आले आणि म्हणाले, "हेड गॅस्केट गेलंय बाबा. इंजिनच उघडावं लागेल."

गॅस्केट म्हणजे काय हे मले काही बारीक माहीत नव्हतं, पण ते गेलं की गाडी गेली एवढं सगळ्यांलेच माहीत असते. "मग आता?" मी विचारलं.

"थांबत थांबत जाऊ. घरापर्यंत पोचेल."

तसंच आलो. चारी काचा खाली, काटा लालमध्ये. प्रताप नगरले घरी पोचलो तेव्हा अनारसे मऊ पडले होते आणि माझं तोंड त्याच्याहून मऊ.

आता मी तुम्हाले सरळ सांगतो, त्या गाडीबद्दल मी असा हळवा काहून आहे. तहसील ऑफिसात जन्म घालवला. लोक मले "साहेब" म्हणायचे, मी खऱ्या साहेबाले "साहेब" म्हणायचो. रिटायर झालो त्या दिवसापासून कोणी काहीच म्हणेना. सकाळी पेपर, दुपारी कूलरपुढे पडायचं, संध्याकाळी बगिच्यात म्हाताऱ्यांच्या बाकावर बसून कोणाची शुगर किती ते ऐकायचं. त्या बाकाची मले धास्ती आहे, खरंच सांगतो. गाडी होती म्हणून मी त्या बाकावर नव्हतो. मनात आलं की किल्ली घेतली, सिंधूले म्हटलं चल, आणि निघालो. कधी पारशिवनी, कधी नुसतंच बेसापर्यंत भाजी आणायले. प्रताप नगरात भाजी मिळत नाही का? मिळते. पण बेसाले गाडीनं जाता येते. ही गाडी गेली तर या वयात मले दुसरी कोण घेऊ देणार? गाडी गेली की मी गेलो, एवढा साधा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरचा धोंडा. सिंधूनं जीव ओतून रांधलं होतं. मी पाटावर बसून जावयाचे पाय धुतले. ताटात अनारसे, वर दिवा, बाजूले मी सीताबर्डीवरून आणलेली अंगठी. सुमंतरावांनी ताट हातात घेतलं आणि अंगठीची डबी उचलून परत माझ्या हातात दिली.

"बाबा, हे नको. वाण द्यायचंच असेल तर दुसरं मागतो."

"मागा की," मी म्हटलं. खुशीतच होतो, पुरणपोळीचा वास घरभर होता.

"ती गाडी काढून टाका."

मी सिंधूकडे पाहिलं. ती निरांजन सरळ करून राहिली होती. अबोली म्हणाली, "अहो, हे काय मागताय? बाबांची गाडी आहे ती!" पण सुमंतराव माझ्याकडेच पाहून राहिले होते. "आता ती दुरुस्त करण्यात अर्थ नाही. रस्त्यात कुठे बंद पडली, तुम्ही दोघंच असलात या उन्हात, तर? मी एका माणसाशी बोललोय. उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जाईल, जशी आहे तशी."

सांगा, काय करायचं माणसानं? हातात जावयाच्या पायाचं पाणी, समोर दिवा, आणि त्यानं मागितलेलं. नाही म्हणायची सोय नाही. तहसीलीत मी भल्याभल्यांले नाही म्हटलं, आमदाराच्या माणसाले तोंडावर नाही म्हटलं.

"बरं," मी म्हटलं.

आपल्याच घरात, आपल्याच जावयानं, आपल्याच रितीत मले असा पकडला होता की हलता येईना. रागही कोणावर काढू? नारायणावर?

सकाळी कोणी उठायच्या आत पोर्चमध्ये गेलो. म्हटलं, जाणारच आहे तर निदान धुवून तर देऊ. पोरगी सासरी पाठवतानाही आपण तिले नवी साडी नेसवतो. गाडी जरा मागे घ्यावी म्हणून किल्ली फिरवली. इंजिन चालू नव्हतं केलं अजून, नुसती किल्ली. तर काटा टुणकन उडी मारून लालमध्ये! आणि पुढचा पंखा भुर्रर्र सुरू.

मी किल्ली बंद केली. खाली उतरलो, बोनेट उघडलं, इंजिनवर हात ठेवला. मडक्यासारखं थंड! रात्रभर उभी गाडी, आणि काटा म्हणते उकळून राहिली. पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा लाल.

"अबे, हा तर फोकनाड मारून राहिला, खोटारडा!" मी मोठ्यानंच म्हटलं.

नत्थूजीले फोन लावला. नत्थूजी माझा शाळेपासूनचा दोस्त, गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे त्याचं. झोपेत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं जांभई देत विचारलं, "पाणी कमी झालं का रेडिएटरचं?" पाहिलं, भरलेलं होतं. "ऑइलची काडी काढून पाह्य. दुधाच्या चहासारखं दिसते का?" नाही, ऑइल ऑइलसारखंच होतं. "सायलेन्सरमधून पांढरा धूर?" गाडी चालू केली. धूर नाही.

"मग गॅस्केट कुठचं गा गोपाळराव? कोण भैताडानं सांगितलं तुले?"

"जावयानं."

नत्थूजीलेही धोंड्याचा महिना माहीत होता. मग सांभाळून म्हणाला, "असू दे. तो वरचा जाड पाइप दिसते ना, तो इंजिनले लागते तिथं अंगठ्याएवढा पितळी सेन्सर असन, त्याले वायरची टोपी. गाडी बंद करून ती टोपी काढ. मग नुसती किल्ली फिरव आणि काटा पाह्य."

टोपी काढली. किल्ली फिरवली. काटा गपकन खाली, पार तळाले. टोपी लावली, लाल. काढली, तळाले. मी ते चार-पाच वेळा केलं, लहान पोट्ट्यासारखं. नत्थूजी फोनवर ओरडून राहिला, "पुरे ना आता! वायर चांगली आहे, सेन्सरच आतून गेला आहे. आणि तो खोटं सांगते म्हणून गाडी एसी बंद करते, इंजिन वाचवायले. पक्की खात्री पाहिजे तर सेन्सर काढ, त्याले मीटर लाव, आणि थंड पाण्यात नि गरम पाण्यात बुडवून पाह्य. गरम पाण्यात आकडा धाडकन खाली आला पाहिजे. चांगला असला तर."

कूलर दुरुस्तीसाठी ठेवलेलं मीटर माझ्याकडे होतं. पान्यानं सेन्सर काढला, थोडं हिरवं पाणी हातावर सांडलं, आणि तो घेऊन सैपाकघरात शिरलो. सिंधू चहा ठेवून राहिली होती.

"एक गंज थंड पाणी दे. आणि एक उकळतं."

"काय करून राहिले?"

"दे तर. चमत्कार दाखवतो तुले."

तिनं दोन गंज ओट्यावर ठेवले. मी सेन्सरले मीटरचे चिमटे लावले आणि थंड पाण्यात बुडवला. एक आकडा आला. "हा वाचून ठेव," मी म्हटलं. मग उकळत्या पाण्यात बुडवला. वाफ तिच्या चष्म्यावर आली, तिनं चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. आकडा तोच. ढिम्म. थंड काय नि गरम काय, याले सगळं सारखंच.

"दिसलं? गॅस्केट-बिस्केट काही नाही! एवढासा तुकडा खराब आहे. इंजिन एकदम टनाटन! सिंधू, आपली गाडी वाचली वं!"

मले वाटलं होतं, ती हसेल. ती ओट्याले टेकून उभी राहिली आणि त्या गंजातल्या पाण्याकडेच पाहून राहिली. "मग सुमंतरावांचं काय?" एवढंच विचारलं तिनं.

"त्यांचं काय? चुकले ते. माणूस चुकते. पण चुकीच्या कारणावर मागितलेलं वाण, ते कसलं वाण? मी त्यांचा अपमान नाही करणार. गोडीनं सांगतो."

"हो," ती म्हणाली आणि गॅस बंद करायले वळली. चहा उतू गेला होता.

नत्थूजीच्या दुकानातून नवा सेन्सर आणला, आपल्या हातानं बसवला, पाणी भरलं, गाडी चालू केली. काटा शहाण्या पोरासारखा तळापासून हळूहळू चढला आणि मधात येऊन थांबला. एसीनं थंडगार फुंकर मारली. मी एकटाच गाडीत बसून टाळ्या वाजवल्या. खोटं कायले सांगू, डोळ्यात पाणी आलं होतं.

मग सुमंतरावांले बोलावलं. जुना सेन्सर तळहातावर ठेवला आणि दोन गंजांची गोष्ट सांगितली, अगदी मऊ आवाजात, "तुमचंही बरोबरच होतं, काटा पाहून कोणीही तसंच म्हणेल" असं करत करत. वाटलं होतं, ते वाद घालतील, निदान तोंड तरी पडेल. त्यांनी सेन्सर हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि म्हणाले, "हो बाबा, सेन्सरच आहे." बस्स. आणि माझ्या खांद्यावरून मागे सिंधूकडे पाहिलं.

"मग तो संध्याकाळचा माणूस?" मी विचारलं.

"तुम्ही सांगाल तसं."

अबोली तर नाचायलेच लागली. "मी म्हणतच होते! बाबा, चला, चक्कर मारू. मी चालवते!" तिले गाडी मीच शिकवली आहे, कॉलेजात असताना, याच गाडीवर. म्हटलं, चालव. मी बाजूले बसून काट्यावर लक्ष ठेवतो. सिंधू म्हणाली, मी घरीच थांबते. मी म्हटलं, "अशी कशी थांबते? तुझ्या गंजानं तर गाडी वाचवली!" ओढूनच बसवलं तिले मागे, सुमंतरावांच्या शेजारी.

बेसा चौकापर्यंत मी राजा होतो. काटा मधात, एसी गार, बाहेर लोक तोंडाले दुपट्टे गुंडाळून होरपळून राहिलेले आणि आम्ही आत गारेगार. मग अबोलीनं गाडी आऊटर रिंग रोडले घातली.

आता लक्षात घ्या, त्या गाडीच्या डाव्या सीटवर मी आयुष्यात बसलो नव्हतो. गाडी घेतली तेव्हापासून एकदाही नाही. समोर गिट्टीचा टिप्पर होता. अबोली त्याच्या अशी मागे लागली की त्याच्या मागच्या फळीवरची अक्षरं माझ्या नाकाशी आली. माझा पाय आपोआप खाली दाबला गेला. खाली नुसता पायपोस.

"अंतर ठेव वं जरा," मी म्हटलं.

"काही होत नाही बाबा." तिनं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, आणि टिप्परले डावीकडून घातलं. माझ्याकडची चाकं कच्च्या रस्त्यावर उतरली. टिप्परचं चाक माझ्या काचेबाहेर, माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर, गरगर फिरून राहिलं होतं. हात लांब केला असता तर लागलं असतं. चालवणाऱ्याले ते दिसत नाही. चालवणाऱ्याले पुढचा रस्ता दिसते. हे सगळं डाव्या बाजूच्या माणसाच्या अंगावर येते.

तिथून निघालो तर पुढे बस, तिले उजवीकडून, आणि समोरून एक बोलेरो. अबोलीनं दिवे मारले. बोलेरोनं पण मारले. दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरलं, डोळे मिटले, आणि मले पक्कं वाटलं की झालं, संपलो. गाडीतून उतरता येत नाही, ब्रेक आपल्या पायाखाली नाही, बोललं तर चालवणारा ऐकत नाही. कोंडलेला उंदीर तरी पिंजऱ्यात धावते. मले तेही करता येत नव्हतं.

"थांबव!" मी किंचाळलो. "थांबव गाडी! आत्ताच्या आत्ता!"

तिनं घाबरून गाडी बाजूले घेतली. बोलेरो शिव्या देत निघून गेली. माझा शर्ट एसीत भिजला होता.

"मूर्ख आहेस का?" मी ओरडलो. "अशी गाडी कोण चालवते? जीव घेतेस का आमचा? कोणी शिकवलं तुले हे?"

अबोली माझ्याकडे पाहतच राहिली. तिले खरंच कळलं नव्हतं मी काय विचारून राहिलो ते. "तुम्हीच ना, बाबा," ती म्हणाली. "कोणाच्या मागे राहायचं नाही, आणि ब्रेक भित्र्यांनी मारायचा. मी तर तुमच्यापेक्षा हळू चालवत होते."

मी तेव्हा कुठे दाराचं हँडल सोडलं.

"मीच म्हटलं सुमंतरावांले," मागून सिंधूचा आवाज आला.

मी वळलो. ती रडत नव्हती. उलट इतकी शांत होती की मले जास्त भीती वाटली.

"त्या दिवशी कन्हानले. त्यांनी बोनेट उघडल्या उघडल्या सांगितलं मले, आई, काही नाही, सेन्सर आहे, उद्या बदलून टाकू. मी त्यांच्या हाता-पाया पडली. म्हटलं, खोटं बोला, काही पण सांगा, पण या गाडीतून मले सोडवा."

"सोडवा?" मी म्हटलं. "तुले काय बांधून ठेवलं होतं मी?"

"मले भीती वाटते हो तुमच्या बाजूले बसायची! पहिल्या दिवसापासून वाटते. यमूचं घर आलं की मी पहिले देवाचे आभार मानते, मग परतीचं आठवते आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"मग बोलायचं होतं ना मले! तोंड नव्हतं का?"

"बोलली की. हळू म्हटलं की तुम्ही जोरात घेता. थांबा म्हटलं की तुम्ही रस्त्यात गाडी थांबवून मलेच म्हणता, उतर, जा पायी. एकदा उतरली होती मी, आमडी फाट्यावर. तुम्हाले वाटलं, रागात उतरली. मी खुशीनं उतरली होती."

सुमंतराव खिडकीबाहेर पाहून राहिले होते. अबोलीनं इंजिन बंद केलं. मले चिडायचं होतं. चिडणं मले येते, त्यात मी कधी कमी पडलो नाही. सुमंतरावांवर चिडावं म्हटलं, तर त्यांनी सासूचा शब्द राखला होता. अबोलीवर चिडावं, तर तिनं मी शिकवलेलंच केलं होतं. आणि सिंधूवर? एका चकरीत माझी ही गत झाली. ती माझ्या बाजूले किती वर्षं बसली होती, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही. मले माझी लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा वाटली, आणि ती पण पोरी-जावयासमोर.

मी दार उघडून उतरलो. रस्ता तापून पायाखाली मऊ झाला होता. मागचं दार उघडलं.

"सुमंतराव, तुम्ही चालवा," मी म्हटलं. "अबोली, तू पुढे बस."

मी मागे सिंधूच्या बाजूले बसलो. ती जरा सरकली. माफी मागावी असं फार वाटत होतं, पण मले ती मागता येत नाही, सवयच नाही. सुमंतरावांनी आरसा नीट केला आणि गाडी काढली. रिक्षा आमच्या पुढे जाऊन राहिल्या होत्या. एक सायकलवाला पण आमच्याकडे वळून पाहत पाहत पुढे गेला. माझा जीव तडफडून राहिला होता की अरे काढ ना, जागा आहे ना! पण दात आवळून बसलो. काटा मधात होता, एसी लागून राहिला होता, आणि माझ्या डोळ्यासमोर फक्त जावयाच्या डोक्याची मागची बाजू होती.

बेसा यायच्या आतच सिंधूची मान माझ्या खांद्यावर कलली. मले वाटलं, चक्कर आली. घाबरून पाहिलं तर तोंड जरासं उघडं, श्वास एकसारखा. झोपली होती. आमच्या गाडीत तिले मी कधी झोपलेली पाहिली नव्हती. जाताना नाही, येताना नाही, पोटभर जेवून परत येताना भर दुपारी पण नाही. आणि मी लोकांले सांगायचो, आमची सिंधू कशी, गाडीत शेवटपर्यंत जागी राहून मले साथ देते.

"बाबा," सुमंतरावांनी आरशातून विचारलं, "त्या माणसाला फोन करू का, येऊ नको म्हणून? गाडी तर छान झालीये आता."

"येऊ द्या त्याले," मी म्हटलं. "आणि हळू बोला, झोपली आहे ती."